डीप हाउसकडून टेक्नोकडे : एका मिक्स अल्बमची घडण

डीप हाउस आणि टेक्नो या दोन प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक अखंड मिक्स अल्बम, म्हणजे ट्रॅक न थांबता एकमेकांत मिसळत जाणारा अल्बम, करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तो प्रसिद्ध करणाऱ्या लेबलच्या (रेकॉर्ड कंपनीच्या) अटी दोनच होत्या. संपूर्ण संगीत एका सीडीत, म्हणजे ७४ मिनिटांत, मावले पाहिजे. आणि ज्या ट्रॅकची लेखी परवानगी हाती नाही, त्याचा एक सेकंदही अंतिम रेकॉर्डिंगमध्ये असता कामा नये. वरवर पाहता या अटी केवळ कार्यालयीन वाटतात. प्रत्यक्षात अल्बमचा आकार, ट्रॅकचा क्रम आणि एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाण्याची रीत, या सर्वांवर शेवटपर्यंत त्यांचाच अंमल राहिला.

क्लबमध्ये सेट वाजवताना समोरच्या लोकांकडे पाहून निर्णय घेता येतात. एखादा ट्रॅक रंगत नाही असे दिसले, तर पुढचा वेळेआधी आणता येतो. रंगला असेल, तर त्यातला एखादा भाग लूपवर धरून, म्हणजे तोच पुन्हा पुन्हा वाजवून, लांबवता येतो. अल्बम ऐकणारा माणूस बहुधा एकटा असतो, पुष्कळदा हेडफोन लावून ऐकत असतो, आणि आवडला तर तोच अल्बम वर्षानुवर्षे ऐकतो. बेस एकाएकी काढून टाकून काही क्षणांनी धाडकन परत आणण्यासारखी युक्ती पहिल्यांदा अंगावर रोमांच आणते, पण पुढे ती कधी येणार हे पाठ झाल्यावर नकोशी होते. म्हणून अशा युक्त्या मी वर्ज्य केल्या आणि सारा भर एका ट्रॅकमधून दुसऱ्यात नेणाऱ्या लांब, सावकाश सरकणाऱ्या जोडांवर दिला. दोन ट्रॅक एकत्र वाजत असताना त्यांच्यातून जे तिसरेच संगीत तयार होते, ते त्या दोघांपैकी कोणाच्याही मूळ रेकॉर्डवर सापडत नाही, आणि मिक्सला स्वतंत्र अल्बम म्हणून प्रसिद्ध करण्याचे सबळ कारण माझ्या मते तेवढे एकच आहे.

या प्रकाराला स्वतःची परंपरा आहे आणि कामाला हात घालण्यापूर्वी मी ती पुन्हा लक्ष देऊन ऐकली. बर्लिनच्या स्टुडिओ के७ या लेबलने १९९५ मध्ये डीजे-किक्स ही मिक्स अल्बमची मालिका सुरू केली, तर लंडनच्या फॅब्रिक क्लबची मालिका २००१ मध्ये सुरू झाली. डीजे जेफ मिल्स यांचा टोकियोतील लिक्विड रूम या क्लबमध्ये वाजवलेला मिक्स १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात श्रोत्यांचा कल्लोळ आहे, टर्नटेबलवरच्या हाताचा खडबडीतपणा आहे, आणि त्यामुळेच तो आजही जिवंत वाटतो. डीजे रिची हॉटिन यांनी २००१ च्या ‘डीई९ : क्लोजर टू द एडिट’मध्ये अगदी उलट वाट धरली. शंभराच्या आसपास ट्रॅकचे बारीक तुकडे करून त्यांतून त्यांनी तीनशेहून अधिक लूप काढले आणि संगणकावर त्यांची नव्याने वीण घातली. मला या दोन टोकांच्या मधली जागा हवी होती. हाताने वाजवल्याचा दाब आणि ढील त्यात ऐकू यावी, आणि तरीही वारंवार ऐकताना कोठे खटकू नये, एवढी स्वच्छता असावी, असे माझ्या मनात होते.

डीप हाउस आणि टेक्नो एकाच अल्बममध्ये का, असा प्रश्न लेबलकडूनही आला. त्याचे उत्तर या संगीताच्या इतिहासातच आहे. शिकागोच्या लॅरी हर्ड यांनी मिस्टर फिंगर्स या नावाने १९८६ मध्ये आणलेल्या ‘कॅन यू फील इट’मध्ये डीप हाउसची सर्व लक्षणे स्पष्ट ऐकू येतात : जॅझ आणि सोलमधून आलेले मऊ, रेंगाळणारे कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर), गोल बेस आणि कसलीही घाई नसलेला ठेका. त्याच दशकात डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डर्सन हे शाळेपासूनचे मित्र अधिक काटेकोर, यंत्रवत आणि भविष्याकडे पाहणारे संगीत करत होते, आणि १९८८ मध्ये ब्रिटनमधून निघालेल्या एका संकलनामुळे ते टेक्नो या नावाने जगभर पोहोचले. दोन्ही संगीतांची यंत्रे मात्र पुष्कळशी सारखीच होती. रोलँड कंपनीचे १९८३ मधले टीआर-९०९ हे ड्रम मशीन दोन्हीकडे आहे, आणि डेरिक मे यांनी आपले ९०९ शिकागोचे डीजे फ्रँकी नकल्स यांना विकल्याची हकीकत दोन्ही शहरांच्या सांगीतिक इतिहासात आवर्जून सांगितली जाते. पुढे १९९३ च्या सुमारास बर्लिनमध्ये मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी बेसिक चॅनल या नावाने जे रेकॉर्ड काढले, त्यांत कॉर्डचा मऊपणा टिकून आहे, पण जमैकाच्या डब या संगीतासारख्या प्रतिध्वनीत तो इतका विरघळला आहे की खालचा ठेका निःसंशय टेक्नोचाच वाटतो. माझ्या अल्बमचा मध्यभाग याच जातीच्या ट्रॅकवर उभा करायचा, हे मी सर्वांत आधी ठरवले, आणि सुरुवात व शेवट त्या मध्यभागाकडे पाहत निवडले.

निवडीसाठी माझी कसोटी ट्रॅक किती सुंदर आहे ही नव्हती. तो दुसऱ्या ट्रॅकला किती जागा देतो, हे मी पाहत होते. ज्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणे आहे, वर पियानो आहे, शिवाय बेसही सतत हालतो आहे, तो ट्रॅक स्वतःपुरता पूर्ण असतो. त्याच्यावर काहीही ठेवले की दोन्हींचे नुकसान होते. असे कितीतरी आवडते ट्रॅक मी मन घट्ट करून बाजूला काढले. उलट, एकट्याने ऐकताना काहीसे कोरडे वाटणारे, पाच-सहा मिनिटे केवळ हाय-हॅट (ड्रमच्या छोट्या झांजा), शेकर (खुळखुळा) आणि एका कॉर्डच्या सावलीवर चालणारे काही ट्रॅक दुसऱ्याच्या सोबतीला ठेवल्यावर फुलून आले. डीजेंसाठी काढलेल्या बारा इंची रेकॉर्डांवर ट्रॅकच्या आरंभी आणि अखेरीस नुसता ठेका ठेवण्याची रीत याच गरजेतून आली आहे. स्ट्रीमिंगसाठी कापलेल्या तीन मिनिटांच्या आवृत्तीत नेमका तोच भाग गेलेला असतो, त्यामुळे मूळ लांबीची आवृत्ती मिळवण्यासाठी मला पुष्कळ पत्रव्यवहार करावा लागला.

यानंतर लयीचा प्रश्न आला. डीप हाउस साधारणपणे ११८ ते १२४ बीपीएमवर (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांवर), तर टेक्नो १२५ ते १३५ वर वावरते. मी आरंभ १२० वर आणि शेवट १३० वर ठेवला. ही दहा ठोक्यांची वाढ एका जोडात केली तर कोणाच्याही कानाला कळते. ७४ मिनिटांवर पसरली तर मिनिटाला ०.१४ बीपीएमहूनही कमी पडते आणि ऐकणाऱ्याला केवळ अंगात हळूहळू तरतरी येत असल्याची जाणीव होते. तरीही ती सरळ रेषेत वाढवणे मला पटले नाही. टर्नटेबलवर किंवा साध्या प्लेअरवर गती वाढवली की सूरही चढतो, त्यामुळे कॉर्ड वाजत असताना गती हलवली तर तो कॉर्ड सरकल्यासारखा ऐकू येतो. म्हणून जिथे फक्त ड्रम वाजत आहेत, अशाच जागी मी गती वाढवली आणि कॉर्ड परत येईपर्यंत ती स्थिर करून ठेवली.

दोन ट्रॅकच्या गतीतला फरक किती सूक्ष्म असला तरी भोवतो, याचा अंदाज नसलेल्या वाचकांसाठी एक हिशेब सांगते. एक ट्रॅक १२२.० वर आणि दुसरा १२२.१ वर असेल, तर एका मिनिटात ते एकमेकांपासून एका ठोक्याच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे जवळजवळ ४९ मिलिसेकंदांनी, दूर जातात आणि एका किकच्या (खालच्या, जड ड्रमच्या ठोक्याच्या) जागी दोन किक ऐकू येऊ लागतात. माझे काही जोड दीड ते दोन मिनिटांचे होते. जुन्या रेकॉर्डांमध्ये तर मूळ वादनाची गतीच किंचित डगमगती असते, त्यामुळे एकदा जुळवून हात बाजूला घेता येत नाही. तबकडीच्या कडेला बोटाचा हलका स्पर्श करत सतत सांभाळावे लागते. हे सांभाळणे मला मनापासून आवडते. त्यात दोन्ही ट्रॅकचे इतके जवळून ऐकणे होते की एरवी कधी लक्षात न आलेला क्लॅपचा उशीर किंवा हाय-हॅटचा झोल स्पष्ट दिसू लागतो.

सुरांचे गणित याहून कठीण होते. गती सुमारे ६ टक्क्यांनी वाढली की सूर एका अर्धस्वराने चढतो. म्हणजे १२० वर ए मायनर या पट्टीत असलेला ट्रॅक १२७ च्या आसपास नेला की जवळजवळ बी फ्लॅट मायनरमध्ये जातो. दोन-अडीच टक्क्यांची वाढ केली तर तो दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळतो. एक ट्रॅक २.५ टक्के चढवलेला आणि दुसरा १ टक्का उतरवलेला असेल, तर त्यांच्यात अर्धस्वराच्या निम्म्याहून अधिक अंतर पडते, आणि संगणकाने दोघांची पट्टी एकच दाखवली असली तरी कान ती नाकारतो. सूर न हलवता गती बदलण्याची सोय आजच्या बहुतेक डिजिटल प्लेअरमध्ये असते. मात्र ताणलेल्या आवाजात किकचा पहिला आघात बोथट होतो आणि हाय-हॅट किंचित पाणचट वाटतात. मोठ्या स्पीकरवर हे लगेच कळते. ती सोय मी फक्त लांब कॉर्ड आणि गायनाच्या काही जागी वापरली. बाकी ठिकाणी दोन्ही ट्रॅक वाजवण्याच्या गतीला नेमके कुठे येऊन बसतात, ते कीबोर्डवर तपासून त्यानुसार क्रम लावला. ए मायनरशेजारी ई मायनर किंवा डी मायनर आला की जोड सुखाने बसतो, हे सर्व डीजेंना ठाऊक असते. टेक्नोच्या भागात पुष्कळदा ठळक पट्टीच नसते, फक्त एका स्वराभोवती फिरणारा आवाज असतो, आणि तिथे मला हवे तेवढे स्वातंत्र्य मिळाले.

पण ज्यावर अल्बम खरोखर उभा राहतो किंवा कोसळतो, तो भाग म्हणजे बेस. दोन ट्रॅकचे वरचे आवाज एकमेकांत मिसळू शकतात, दोन बेस मिसळत नाहीत. किकचा सर्वांत खालचा आवाज पुष्कळदा ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. ५० हर्ट्झच्या लहरीचे एक आंदोलन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणून दोन किक केवळ १० मिलिसेकंदांनी पुढे-मागे झाल्या तरी त्या पातळीवर एकमेकींना पुसून टाकतात. कानाला ठोके जुळलेले वाटत असतात आणि तरीही खालून जमीन काढून घेतल्यासारखा पोकळपणा येतो. अगदी बरोबर जुळल्या तर उलट घडते : आवाज दुपटीपर्यंत चढतो आणि सगळे रेकॉर्डिंग फुटण्याच्या बेतात येते. यावर उपाय जुनाच आहे. येणाऱ्या ट्रॅकचा बेस मिक्सरच्या इक्वलायझरवर पूर्ण बंद ठेवायचा, वरचे आवाज हळूहळू आत घ्यायचे, आणि योग्य आवर्तनाच्या समेवर एकाच हालचालीत जुन्याचा बेस काढून नव्याचा उघडायचा. ही सम कोणती, हे ठरवण्यात माझा सर्वांत अधिक वेळ गेला. या संगीतात बदल बहुधा ३२ ठोक्यांच्या घरांत होतात. १२० च्या लयीला असे एक घर १६ सेकंदांचे, १२८ ला १५ सेकंदांचे असते. एक घर आधी बेस बदलला तर नवा ट्रॅक घाईने आल्यासारखा वाटतो, एक घर उशीर केला तर जुना रेंगाळल्यासारखा वाटतो. डीप हाउसमध्ये बेस स्वतःची ओळ गात असल्यामुळे ती ओळ पूर्ण होऊ देणे मला आवश्यक वाटले. टेक्नोमध्ये, जिथे किक आणि बेस जवळजवळ एकरूप असतात, तिथे बदल ओळीच्या मधोमध केला तरी चालतो, आणि कित्येकदा तो तसाच अधिक जोरकस लागतो.

हे सर्व मनासारखे जुळले असताना परवानग्यांची उत्तरे येऊ लागली. प्रत्येक ट्रॅकसाठी दोन हक्क लागतात : रेकॉर्डिंगचा हक्क, जो बहुधा लेबलकडे असतो, आणि रचनेचा हक्क, जो रचनाकाराकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे असतो. विनंतीत ट्रॅकची किती मिनिटे वापरणार, कोणत्या प्रदेशांत, किती काळासाठी, सीडी किती आणि डिजिटल विक्री कोणत्या स्वरूपात, हे सर्व लिहावे लागते. रॉयल्टी सामान्यतः ट्रॅकच्या संख्येप्रमाणे वाटली जाते, आणि काही लेबले अशी अट घालतात की इतर कोणालाही त्यांच्यापेक्षा चांगले दर मिळता कामा नयेत. ती अट एकाने घातली की व्यवहारात ती सर्वांनाच लागू होते. लहान लेबलांकडून आलेली उत्तरे फार आपुलकीची होती. काही कलावंतांनी माझ्याकडच्या फाइलपेक्षा चांगली, मूळ टेपवरून घेतलेली प्रत पाठवली. काही लेबले मात्र केव्हाच बंद झाली होती आणि हक्क आता कोणाकडे आहेत, याचा माग शेवटपर्यंत लागला नाही. एका ट्रॅकमध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी गाण्याचा तुकडा होता आणि त्याचीच परवानगी मूळ कलावंताने कधी घेतली नव्हती, त्यामुळे तो सोडावा लागला. मध्यभागातल्या एका कळीच्या ट्रॅकला लेबलने कारण न देता नकार दिला.

तो नकार मला फार लागला. हा ट्रॅक डीप हाउसमधून टेक्नोत नेणारा दुवा होता. तो गेल्यामुळे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ट्रॅकमध्ये पट्टी जुळेना आणि ४ बीपीएमची दरी पडली. त्याच्यासारखाच दुसरा शोधण्याचा नाद मी लवकर सोडला, कारण सारखेपणा शोधताना प्रत्येक नवा ट्रॅक कमीच वाटत राहतो. त्याऐवजी तिथे जवळजवळ ठेका नसलेला, नुसता प्रतिध्वनी आणि खर्जातला एक गुंजारव असलेला तुकडा ठेवला. ठोकेच थांबल्यामुळे पट्टी आणि लय दोन्ही बदलायला मोकळीक मिळाली, आणि अल्बमला मध्यावर एक मोठा श्वास मिळाला, जो मूळ आराखड्यात कुठेच नव्हता. आज अल्बम ऐकणारे त्या जागेचा उल्लेख आवर्जून करतात आणि मलाही ती सर्वाधिक आवडते.

रेकॉर्डिंग मी तीन लांब भागांत केले. प्रत्येक भाग आरंभापासून शेवटपर्यंत सलग वाजवायचा, मनासारखा झाला नाही तर पुन्हा पहिल्यापासून, असा नियम ठेवला, आणि भागांमधले सांधे जिथे ठोके नाहीत अशाच ठिकाणी टाकले. संगणकावर प्रत्येक जोड स्वतंत्रपणे रचणे सोपे गेले असते. पण सलग वाजवताना हातात एक वेग येतो. मागच्या जोडाची ऊब पुढच्यात उतरते, मिक्सरवरचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ) कधी जरा आधी सरकतो, कधी थांबतो, आणि हे थांबणे-सरकणे ग्राफवर रेषा ओढून मला कधीच साधले नाही.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगला अंतिम रूप देताना, मुख्य प्रश्न आवाजाच्या पातळीचा होता. १९८० आणि ९० च्या दशकांतले रेकॉर्ड मोकळे आणि तुलनेने कमी आवाजाचे आहेत, तर अलीकडचे ट्रॅक लिमिटरने (आवाजाची शिखरे रोखणाऱ्या साधनाने) दाबून मोठे केलेले असतात. दोन्ही एकापाठोपाठ आले की जुना ट्रॅक बिचकल्यासारखा वाटतो. सगळ्यांना सारखेच दाबण्याला माझा ठाम विरोध होता, कारण त्या मोकळेपणातच डीप हाउसचा जीव आहे. म्हणून नवे ट्रॅक खाली आणले आणि जुन्यांना हात लावला नाही. अनेक स्ट्रीमिंग सेवा आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाच्या) आसपास आणून ठेवतात, त्यामुळे अधिक मोठ्या आवाजाच्या मास्टरने तिथे काही साधतही नाही. शिखराची मर्यादा उणे १ डेसिबल ठेवली.

उरले ते ट्रॅकच्या सीमा आखणे. सीडीवर सेकंदाचे ७५ भाग मानले जातात आणि प्रत्येक भागात ५८८ सॅम्पल (आवाजाच्या मोजलेल्या नोंदी) असतात. सीमा या भागांच्या काठावरच पडावी लागते, अन्यथा अखंड आवाजात बारीकशी टिकटिक येण्याचा धोका असतो. डिजिटल दुकानांत अडचण वेगळीच असते. एमपी३ करताना प्रत्येक फाइलच्या आगेमागे किंचित शांतता मिसळली जाते आणि अखंड मिक्समध्ये ट्रॅक बदलताना झटका बसतो, म्हणून तिथे सुट्या ट्रॅकसोबत संपूर्ण मिक्सची एक सलग फाइलही द्यावी, असा आग्रह मी धरला. सीमा नेमकी कुठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र तांत्रिक नव्हते. दीड मिनिट दोन ट्रॅक एकत्र वाजत असतील, तर एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला? मी सीमा सर्वत्र बेस बदलण्याच्या समेवर ठेवली. त्या ठोक्यापासून संगीत ज्याच्या खांद्यावर आहे, त्याचे नाव पडद्यावर दिसावे.

सलग फाइलखाली दुकानांत बहुधा फक्त डीजेचे नाव दाखवले जाते. ते मला मान्य नव्हते. प्रत्येक ट्रॅकची वेळ, कलावंत, मूळ लेबल आणि मूळ प्रकाशनाचे वर्ष विवरणात पूर्ण छापले जावे, आणि सीडीच्या पुस्तिकेत माझ्या मजकुराआधी तीच यादी यावी, असे मी लेबलला लिहिले. त्यांनी ते तत्काळ मान्य केले, पुस्तिकेची पाने त्यासाठी वाढवली, आणि त्या यादीसह मास्टर उत्पादनासाठी रवाना झाला.